नृत्यसंस्थेचा वारसा आणि पडद्याची साक्ष

एखादी नाटक मंडळी मोडली तरी तिची नाटके ग्रंथरूपाने मागे राहतात. चित्रकार गेला तरी त्याची चित्रे भिंतीवर असतात. नृत्यसंस्था मोडली म्हणजे मागे नेमके काय उरते, या प्रश्नाचे उत्तर मात्र तितके सरळ नाही. पोशाख उरतात, जाहिरातींचे कागद उरतात, काही छायाचित्रे उरतात आणि पाहणाऱ्यांच्या आठवणी काही वर्षे टिकतात. परंतु ज्या गोष्टीसाठी संस्था अस्तित्वात आली ती गोष्ट, म्हणजे विशिष्ट देहांनी विशिष्ट काळात केलेली हालचाल, पडदा पडताक्षणी नाहीशी झालेली असते. या नाहीशा होण्याला उत्तर म्हणून गेल्या साठसत्तर वर्षांत एक नवा प्रकार रूढ झाला आहे. तो म्हणजे नृत्यसंस्थेवरील अनुबोधपट, आणि त्यातही दूरचित्रवाणीसाठी तयार केलेला अनुबोधपट. अशा पटाच्या शीर्षकात किंवा निवेदनात 'वारसा' हा शब्द बहुधा असतोच. हा वारसा म्हणजे काय, आणि पडदा त्यातील किती भाग खरोखर सांभाळू शकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विचार सुचण्यास निमित्त झाले ते उदयशंकर यांच्या 'कल्पना' या १९४८ च्या चित्रपटाचे. लखनौ छावणीतील आमच्या घरी, दूरचित्रवाणीच्या लहान पडद्यावर, तो मी अलीकडे पुन्हा पाहिला. माझा व्यवसाय भाषांतराचा. मूळ कृती आणि तिचे दुसऱ्या माध्यमातील रूप यांच्या नात्याचा विचार करण्याची सवय या व्यवसायाने लावलेली आहे. नृत्याविषयी मी जे लिहीत आहे ते त्या सवयीतून लिहीत आहे. नृत्यशास्त्राचा अधिकार मी सांगत नाही.

१

आरंभी एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. आपण ज्याला सैलपणे 'नृत्य' म्हणतो त्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात. पहिली रचना: कोणत्या क्रमाने, कोणत्या तालात, रंगभूमीच्या कोणत्या भागात काय घडावयाचे याची योजना. दुसरी देहाची घडण: वर्षानुवर्षांच्या तालमीने नर्तकाच्या अंगी बाणलेली चालण्याची, वळण्याची, थांबण्याची रीत. तिसरी प्रयोग: अमुक एका संध्याकाळी, अमुक एका नर्तकाने केलेले ते एकमेव सादरीकरण. संस्थेचा वारसा या तिन्हींचा मिळून होतो. परंतु त्यांचे जतन करण्याची साधने वेगवेगळी आहेत, आणि एक साधन दुसऱ्याचे काम करीत नाही. या विषयावरील पुष्कळसा गोंधळ हे न ओळखल्यामुळे झाला आहे.

संगीताच्या क्षेत्रात हा प्रश्न एका मराठी माणसाने याच लखनौ शहरात हाताळला. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रेरणेने १९२६ मध्ये येथे मॅरिस कॉलेज स्थापन झाले. आज ते भातखंडे यांच्याच नावाच्या विश्वविद्यालयाच्या रूपाने कैसरबागेतील परीखान्यात नांदत आहे. घराण्यांच्या कंठात बंदिस्त असलेल्या शेकडो चिजा भातखंडे यांनी मिळविल्या, सुटसुटीत स्वरलिपीत उतरविल्या आणि क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत छापल्या. स्वरलिपीत गायकी उतरत नाही, असा आक्षेप त्यांच्यावर तेव्हाही घेतला गेला आणि आजही घेतला जातो. आक्षेप खरा आहे. पण स्वरलिपीने प्रयोग टिकविण्याचा दावा केलाच नव्हता. तिने रचना टिकविली. देहाची घडण, म्हणजे येथे कंठाची घडण, तिने गुरूकडे सोपविली.

ज्या वास्तूत हे कार्य चालले तिचाच पूर्वेतिहास या दृष्टीने बोलका आहे. परीखाना ही नबाब वाजिद अली शाहची गीत-नृत्याची शाळा. १८५६ मध्ये त्याचे राज्य गेले आणि तो कलकत्त्याजवळ मटियाबुर्ज येथे राहू लागला. तेथे त्याने आपल्या ग्रंथांत रहसाची वर्णने लिहून ठेवली. ती वाचताना पात्रे, पोशाख, प्रवेशाचा क्रम ध्यानात येतो. पाऊल कसे पडत होते ते कळत नाही. त्याच इमारतीत सत्तर वर्षांनी चिजांना लिपी मिळाली, परंतु पावलांना मिळाली नाही.

युरोपात रुडॉल्फ लाबान याने १९२८ मध्ये नृत्यलेखनाची एक पद्धती प्रसिद्ध केली आणि १९४० मध्ये न्यूयॉर्कला त्या कामासाठी स्वतंत्र संस्थाही निघाली. आपल्याकडे बोल आणि जती लिहिल्या गेल्या. समग्र देहाची लिपी मात्र नृत्यसंस्थांच्या नित्य व्यवहारात आली नाही. ही उणीव चित्रफितीने भरून काढावी अशी अपेक्षा पुढे स्वाभाविकपणेच निर्माण झाली.

२

उदयशंकर यांचे चरित्र या अपेक्षेच्या केंद्रस्थानी आहे. १९०० मध्ये उदयपूर येथे जन्मलेला हा कलावंत मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत आणि पुढे लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकला. १९२३ मध्ये रशियन नर्तकी आना पावलोवा हिच्यासाठी त्याने भारतीय विषयांवरील नृत्ये रचली आणि चित्रकाराचा नर्तक झाला. कोणत्याही एका शास्त्रीय संप्रदायाची परंपरागत तालीम त्याच्या पाठीशी नव्हती. शिल्प, चित्र, लोकनृत्य आणि पाश्चात्त्य रंगभूमी यांतून त्याने स्वतःची एक भाषा सिद्ध केली. १९३१ पासून त्याच्या मंडळीने युरोप-अमेरिका गाजविली. या मंडळीच्या संगीताची धुरा तिमिर बरन यांच्यानंतर विष्णुदास शिराळी यांनी वाहिली. शिराळी पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांच्या शिष्यपरंपरेतले. हिंदुस्थानी संगीताला समूहवादनाचे रूप देऊन ते नृत्याच्या सेवेला लावण्याचे श्रेय ज्यांना द्यावयाचे त्यांत त्यांचे नाव अग्रभागी येते, आणि मराठी वाचकाला त्याचा फारसा पत्ता नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

चौथ्या दशकाच्या अखेरीस उदयशंकर यांनी अल्मोडा येथे संस्कृतिकेंद्र काढले. अल्मोडा तेव्हा लखनौ राजधानी असलेल्या संयुक्त प्रांतात होते. शंकरन नंबुदिरी कथकळी शिकवीत, कंदप्पा पिळ्ळै भरतनाट्यम् आणि अमोबी सिंग मणिपुरी. संगीत उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांच्याकडे होते. शांती बर्धन, नरेंद्र शर्मा, सचिन शंकर, झोहरा सेहगल, गुरुदत्त ही नावे या केंद्राशी निगडित आहेत. १९४४ मध्ये पैशाअभावी आणि अंतर्गत मतभेदांमुळे केंद्र बंद पडले. त्यानंतर उदयशंकर यांनी उरलेली सारी शक्ती मद्रासच्या जेमिनी स्टुडिओत 'कल्पना' या एकाच चित्रपटावर लावली.

या चित्रपटाला साहित्यिकांचे जे साहाय्य लाभले ते येथील वाचकांना विशेष वाटेल. गीते सुमित्रानंदन पंतांची आणि संवाद अमृतलाल नागरांचे. नागर लखनौच्या चौकातले, १९६७ चे साहित्य अकादेमी पारितोषिक मिळालेले कादंबरीकार. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' हिंदीत नेणारे भाषांतरकारही तेच. ज्याने एका वरसईकर भिक्षुकाची अठराशे सत्तावनची साक्ष हिंदी वाचकापर्यंत पोहोचविली त्यानेच एका नष्ट झालेल्या नृत्यकेंद्राच्या साक्षीला शब्द पुरविले, हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो.

'कल्पना' हा अनुबोधपट नव्हे. एक लेखक आपली कथा निर्मात्याला ऐकवितो, निर्माता ती नाकारतो, आणि त्या चौकटीत उदयन नावाच्या नर्तकाचे जीवन, त्याचे हिमालयातील कलाकेंद्र आणि त्याची स्वप्ने उलगडत जातात. परंतु कालांतराने या काल्पनिक कथेवर अनुबोधपटाचे काम येऊन पडले. मंडळी विखुरली, केंद्र गेले, १९७७ मध्ये उदयशंकर गेले. त्यांची नृत्ये सलगपणे दाखविणारा याहून मोठा चित्रित ठेवा आपल्याजवळ नाही. चित्रपटही दीर्घकाळ दुर्मीळच होता. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात सांभाळलेल्या प्रतीवरून बोलोन्या येथे त्याचा जीर्णोद्धार झाला आणि २०१२ मध्ये कान येथील महोत्सवात तो दाखविला गेला. नायिकेचे काम केलेल्या अमला शंकर त्या प्रसंगी उपस्थित होत्या.

३

आता प्रश्न असा, की 'कल्पना' पाहून आपण उदयशंकर यांचे नृत्य पाहिले असे म्हणावयाचे काय?

यंत्र आणि मजूर यांच्या नृत्याचे उदाहरण घेऊ. यंत्रयुगाचा विषय उदयशंकर यांनी रंगभूमीवर पूर्वीच मांडला होता. तेथे प्रेक्षकाला समग्र रंगमंच एका दृष्टिक्षेपात दिसे, आणि माणसांच्या रांगेतून यंत्र कसे आकाराला येते ते तो स्वतःच्या डोळ्यांनी जुळवून घेई. चित्रपटात ते जुळविण्याचे काम कॅमेरा आणि संकलन यांनी केले आहे. हातांची रांग, मग चेहरा, मग छाया, मग वरून दिसणारा समूह. परिणाम प्रभावी आहे. पण तो निराळा आहे. उदयशंकर यांना याची पूर्ण जाणीव असावी. मूळचा चित्रकार असल्याने चौकटीत आकृती कशी बसवावी हे ते जाणत होते, आणि रंगभूमीवरील नृत्य जसेच्या तसे टिपण्यापेक्षा पडद्यासाठी नृत्य नव्याने रचणे त्यांनी पत्करले. भाषांतराच्या परिभाषेत बोलावयाचे तर 'कल्पना' हे मूळ लेखकानेच केलेले स्वैर रूपांतर आहे, आणि मूळ संहिता आज उपलब्ध नाही.

उलट मार्ग पत्करला असता तर काय झाले असते, याचे उत्तर मराठी रंगभूमीच्या इतिहासात आहे. १९३७ च्या 'साध्वी मीराबाई' या चित्रपटात बालगंधर्व स्त्रीभूमिकेत पडद्यावर आले. आधार 'अमृतसिद्धी' या नाटकाचा होता. रंगभूमीवर ज्या रूपाने एका पिढीला मोहिनी घातली ते कॅमेऱ्यासमोर टिकले नाही. रंगभूमीवरील सत्य अंतरावर अवलंबून असते आणि कॅमेरा ते अंतर नाहीसे करतो. आज बालगंधर्वांचा वारसा आपण ध्वनिमुद्रिकांत शोधतो, त्या चित्रपटात नव्हे.

यावरून चित्रफीत आणि स्वरलिपी यांतील विरोध ध्यानात येईल. स्वरलिपी रचना ठेवते आणि प्रयोग सोडून देते. चित्रफीत एक प्रयोग ठेवते. परंतु त्यातील रचना कोणती, नर्तकाच्या देहाची लकब कोणती आणि त्या दिवशीचा अपघात कोणता, हे सांगत नाही. चित्रफितीवरून नृत्य उभे करणारा नवा नर्तक पूर्वीच्या नर्तकाची चूकही निष्ठेने उचलतो. एकाच हस्तलिखितावरून ग्रंथ सिद्ध करणाऱ्या संपादकाची अडचण हीच असते: पाठ आणि लेखनदोष वेगळे करण्यास त्याच्याजवळ दुसरी प्रत नसते.

४

दूरचित्रवाणीवरील अनुबोधपट येथे उपयोगी पडू शकतो. कारण तो केवळ चित्रफीत नसतो. त्याची घडण बहुधा तीन द्रव्यांची असते: जुनी चित्रे, वृद्ध कलावंतांचे बोलणे आणि आजच्या नर्तकांची तालीम. या तिन्हींचे मोल सारखे नाही.

या प्रकाराचा एक आरंभीचा आणि अजूनही आदर्श वाटणारा नमुना म्हणजे मार्था ग्रॅहम यांच्यावरील 'अ डान्सर्स वर्ल्ड'. अमेरिकेतील पिट्सबर्गच्या दूरचित्रवाणी केंद्रासाठी तो १९५७ मध्ये झाला. त्याआधी थोड्याच काळापूर्वी, १९५५-५६ च्या आशियाई दौऱ्यात, ग्रॅहम यांची मंडळी भारतात येऊन गेली होती. या सुमारे अर्ध्या तासाच्या पटात ग्रॅहम स्वतः नाचत नाहीत. जोकास्टाच्या भूमिकेसाठी वेशभूषा करता करता त्या नर्तकाच्या साधनेविषयी बोलतात, आणि त्यांचे नर्तक अभ्यासवर्गातील हालचाली करून दाखवितात. साठी उलटलेल्या कलावतीने स्वतःचा देह पडद्यावर न ठेवता आपली पद्धती इतरांच्या देहावर दाखविली. माझ्या मते या निवडीत वारशाची मोठी समज आहे. प्रयोग मावळणारा आहे. घडण मात्र दुसऱ्याला देता येते.

दुसरा नमुना अलीकडचा आहे. आल्विन एली यांनी १९५८ मध्ये स्थापिलेली नृत्यसंस्था त्यांच्या १९८९ मधील मृत्यूनंतरही चालू आहे. त्यांच्यावरील २०२१ चा अनुबोधपट पुढील वर्षी अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर दाखविण्यात आला. त्यात एली यांचा ध्वनिमुद्रित आवाज आहे, जुनी नृत्ये आहेत, आणि या सर्वांमधून संस्थेच्या साठाव्या वर्षासाठी रेनी हॅरिस यांनी रचलेल्या नव्या नृत्याची तालीम धाग्यासारखी फिरविली आहे. वारसा म्हणजे जुने तसेच ठेवणे नव्हे, जुन्याने घडविलेले देह नव्या कामाला लागणे होय, हा विचार तेथे निवेदनातून न सांगता रचनेतून सांगितला आहे.

या प्रकारात दोषही पुष्कळ आढळतात, आणि ते सांगितले पाहिजेत. पहिला दोष म्हणजे नृत्यावर निवेदन घालणे. नर्तक हालचाल करीत असतो आणि त्याच वेळी कोणी त्याच्या थोरवीविषयी बोलत असतो. कवितेवर बोलताना कवितेच्या ओळी पुसून टाकाव्यात, तसे हे होते. दुसरा दोष समीपदृश्याचा मोह. चेहरा भरून दाखविताना पाय चौकटीबाहेर जातात, आणि कथकसारख्या नृत्यात पाय गेले म्हणजे लय गेली. तिसरा दोष तुकड्यांचा. दहा नृत्यांचे दहा क्षण जोडून दाखविल्याने वैपुल्याचा भास होतो. पण एकही रचना आरंभापासून अखेरपर्यंत दिसत नाही. चौथा दोष सर्वांत सूक्ष्म आहे. अनुबोधपटाला कथेसाठी एक नायक लागतो. त्यामुळे संस्थेचा इतिहास संस्थापकाचे चरित्र होऊन बसतो, आणि संगीतकार, पोशाख करणारे, दुसऱ्या रांगेतील नर्तक नाहीसे होतात. शिराळी यांचे नाव मराठी वाचकाला परके का वाटते, याचे एक कारण येथे सापडेल.

५

एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. नृत्य क्षणभंगुर आहे हेच त्याचे सौंदर्य. मग ते टिकविण्याचा हा अट्टहास कशासाठी? अमेरिकन नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम यांचे उदाहरण या बाजूने देता येईल. त्यांच्या योजनेनुसार, २००९ मधील त्यांच्या मृत्यूनंतर मंडळीने दोन वर्षांचा अखेरचा दौरा केला आणि २०११ च्या शेवटच्या दिवशी स्वतःचे विसर्जन केले. परंतु त्याच योजनेत त्यांच्या नृत्यांची टिपणे, चित्रफिती आणि प्रकाशयोजनेचे तपशील पद्धतशीर बांधून ठेवण्याची तरतूद होती. मंडळी संपविणे आणि रचना विसरणे या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या मानल्या. आपल्याकडे बहुधा दोन्ही गोष्टी एकाच वेळी, आणि कोणी न ठरविता घडतात.

कायद्याची बाजूही अशीच आहे. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्याने नृत्यरचनेला नाट्यकृतीच्या व्याख्येत स्थान दिले. पण ती लेखी वा अन्य रीतीने निश्चित झालेली असली पाहिजे अशी अट घातली आणि चलच्चित्र त्या व्याख्येतून वगळले. म्हणजे जी रचना केवळ देहात आहे तिला कायद्याच्या दृष्टीने धनी नाही. ग्रॅहम यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या नृत्यांच्या मालकीवरून अमेरिकेत खटला झाला आणि २००२ मध्ये न्यायालयाने बहुतेक नृत्ये संस्थेची ठरविली. आपल्या नृत्यरचनाकारांनी हा प्रश्न हयातीतच सोडविणे हिताचे आहे.

देहातून देहाकडे जाणाऱ्या वारशाचे आपल्याकडील उत्तम उदाहरण अल्मोड्याच्याच शाखेचे आहे. शांती बर्धन यांनी १९५२ मध्ये मुंबईत लिटल बॅले ट्रूप स्थापन केली आणि नर्तकांना कळसूत्री बाहुल्यांच्या रूपात उभे करून 'रामायण' रचले. १९५४ मध्ये क्षयाने त्यांचा अंत झाला. पुढे गुल बर्धन आणि प्रभात गांगुली यांनी ती मंडळी प्रथम ग्वाल्हेरला व मग भोपाळला नेली, आणि 'रामायण' नव्यानव्या नर्तकांकडून अनेक दशके होत राहिले. बाहुलीची चाल ही तेथे रचनाही आहे आणि घडणही. ती शिकविता येते. म्हणून रचनाकाराच्या पश्चात ती जगली. उदयशंकर यांची चाल त्यांच्या स्वतःच्या देहाशी इतकी एकजीव होती, की ती पडद्यावर राहिली पण दुसऱ्याच्या अंगात क्वचितच उतरली.

याच्या नेमके उलट उदाहरण तंजावरचे आहे. सरफोजी राजे दुसरे यांनी नृत्यासाठी रचलेली मराठी निरूपणे सरस्वतीमहाल ग्रंथालयाच्या हस्तलिखितांत जतन झाली. एकाच विषयावरील अनेक रचनांची ती मालिका. साहित्य आणि जती लिहिलेली, प्रयोगाची परंपरा मात्र तुटलेली. विसाव्या शतकात आचार्य पार्वतीकुमार यांनी या संहितेला पुन्हा नृत्यरूप दिले आणि सुचेता भिडे-चापेकर यांच्यासारख्या शिष्यांनी ते रंगभूमीवर आणले. चित्रफितीची एक चौकटही नसताना हे का साधले? कारण रचना कागदावर होती आणि भरतनाट्यम् ची घडण जिवंत गुरूंकडून पार्वतीकुमारांच्या देहात आलेली होती. 'कल्पना'च्या बाबतीत प्रयोग आहे. रचनेची टिपणे आणि त्या घडणीचे शिक्षण हे दोन्ही क्षीण झाले आहे. यास्तव तो चित्रपट आपल्याला मोहवितो, पण त्यावरून नृत्य सहजासहजी उभे राहत नाही.

६

या विवेचनातून अनुबोधपटाचे मूल्यमापन करण्याचे काही निकष निघतात. निदान एक रचना त्याने अखंड दाखविली आहे काय? नर्तकाचा संपूर्ण देह चौकटीत ठेवण्याचा संयम त्याच्याजवळ आहे काय? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, एक पिढी दुसऱ्या पिढीची चूक दुरुस्त करते तो क्षण त्याने टिपला आहे काय? तालमीत वृद्ध नर्तकी तरुण मुलीचा खांदा हाताने दोन बोटे खाली आणते आणि 'असा' एवढेच म्हणते. त्या दोन बोटांत रचना आणि अपघात यांतील भेद सांगितलेला असतो. तो कोणत्याही जुन्या चित्रफितीत नाही, आणि ती नर्तकी गेल्यावर कोठेच नसेल. अमला शंकर २०२० मध्ये, वयाच्या १०१ व्या वर्षी गेल्या. 'कल्पना'तील कोणते पाऊल योजलेले आणि कोणते तेथल्या तेथे सुचलेले, हे त्यांना विचारता आले असते. आता प्रश्न आहेत, चित्रपट आहे, उत्तर देणारे नाही.

यात समीक्षकाचाही वाटा आहे, आणि तो आपण फारसा उचललेला नाही. आपल्या नृत्यसमीक्षेत 'मनोहर', 'भावपूर्ण', 'लयबद्ध' ही विशेषणे विपुल आढळतात. नर्तक कोठून आला, कोणत्या पायावर भार होता, वळताना नजर कोठे होती, हे सांगणारी वाक्ये विरळा. वर्णन हे गौण काम आहे असा आपला समज झाला आहे. परंतु ज्या कलेला लिपी नाही तिच्या बाबतीत काळजीपूर्वक केलेले वर्णन हीच संपादकाला हवी असलेली दुसरी प्रत असते. वाजिद अली शाहने पात्रांचा क्रम लिहून ठेवला म्हणून रहसाविषयी आपल्याला निदान तेवढे तरी ठाऊक आहे. आज मुंबईत, पुण्यात, लखनौत नव्या रचना करणाऱ्या ज्या मंडळी आहेत त्यांच्या तालमीला बसून, पाहिले ते साध्या गद्यात उतरवून ठेवणे कोणालाही शक्य आहे. त्यासाठी कॅमेऱ्याची वाट पाहण्याचे कारण नाही.